चित्रात काय आहे ते नको, प्रश्नाला काय लागतं ते सांगा

सुलभ अध्ययन साहित्य, प्रकल्प नोंदी. घाटंजी तालुका, जि. यवतमाळ. पहिलं सत्र, २०२५-२६.

३० जून २०२५

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, म्हणजे पहिलं सत्र तसंही आखूड. त्यात पाऊस, पोळा, गणपती, दसरा. म्हणून सगळी पुस्तकं सुलभ करायचा, म्हणजे छापील पान ज्यांना अडतं त्या मुलांना वापरता येतील अशी करायचा हट्ट आजच सोडला. सहावीचा भूगोल, विज्ञान आणि गणित, सातवीच्या गणितातले काही पाठ, लहान वर्गांसाठी थोड्या गोष्टी. एवढंच.

कोणासाठी: सहावीतली एक मुलगी, जिला अजिबात दिसत नाही. दुसऱ्या गावच्या शाळेतला सातवीचा मुलगा, अल्बिनिझममुळे दृष्टी कमी आणि उजेड सोसत नाही. आणि कोलाम आदिवासींच्या पोडावरून (वस्तीवरून) येणारी दुसरी-तिसरीतली पोरं, ज्यांना दिसतं-ऐकू येतं सगळं, पण पुस्तकाची मराठी घरची नाही. मी फिरता विशेष शिक्षक, आठवड्यात एकेका शाळेत जातो. कर्णबधिर मुलांचं काम या प्रकल्पात घेतलेलं नाही. सांकेतिक भाषा जाणणारं माणूस सोबत नसताना नुसती उपशीर्षकं लावून 'सुलभ केलं' म्हणणं मला पटत नाही.

हाताशी काय आहे: एक जुना लॅपटॉप, त्यावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारं सॉफ्टवेअर. मुलीच्या घरचा अँड्रॉइड फोन, त्यात तेच काम करणारं टॉकबॅक. शाळेत नेटवर्क नाही, फाट्यावर येतं. म्हणून एआयकडून मजकूर आणि चित्रवर्णनं करून घ्यायचं काम संध्याकाळी घरी, शाळेत फक्त मेमरी कार्ड.

सुरुवातीलाच ठरवलं: मुलांची नावं, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यातलं काहीही कुठल्याच ऑनलाइन सेवेत टाकायचं नाही. या नोंदीतही नावं नाहीत. आणि कोणतंही पुस्तक हातात घेण्याआधी सुगम्य पुस्तकालय या सुलभ पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयात शोधायचं. दुसऱ्या कुणी केलेलं असेल तर आपण परत कशाला करायचं?

केंद्रप्रमुखांनी विचारलं, पुस्तकाचं असं रूपांतर चालतं का? चालतं. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, तिच्यामुळे दिव्यांग व्यक्तींसाठी सुलभ प्रत करायला मुभा आहे. याच विषयावरच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सगळ्यात आधी मान्यता देणारा देश भारतच. शिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम १७ सांगतं की लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं आणि अध्ययन साहित्य मोफत द्यायचं. म्हणजे मेहेरबानीचा विषय नाही. साहेब म्हणाले, "बरं, एक अर्ज देऊन ठेवा."

३ जुलै

मजकुरापासून सुरुवात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, ती अडचण नाही. अडचण आमच्या आपसातल्या स्वाध्याय पत्रिकांची आणि जुन्या प्रश्नपत्रिकांची. त्या युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत देणाऱ्या प्रमाण पद्धतीच्या) आधीच्या फाँटमध्ये टंकलेल्या. पडद्यावर देवनागरी दिसतं, पण फाइलच्या आत साठलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फाँट त्यांना फक्त देवनागरी आकार देतो. एनव्हीडीए आकार पाहत नाही, आतलं अक्षर वाचतं. त्यामुळे मुलीला ऐकू येतो नुसता गोंगाट.

एका शिक्षक मित्राचं म्हणणं, एआयला दे, तो ओळखेल. देऊन पाहिलं. काही ओळी बरोबर, काही ओळी 'साधारण तशाच'. पण याला एआय लागतच नाही. कोणतं चिन्ह म्हणजे कोणतं अक्षर, हा ठरलेला तक्ता आहे, आणि तक्त्यानं बदलणारे फाँट परिवर्तक मोफत मिळतात. ते तेच काम दरवेळी सारखंच करतात. सगळ्या पत्रिका युनिकोडमध्ये आणल्या. यापुढे तालुक्यात कुणी जुन्या फाँटमध्ये पत्रिका पाठवली तर मी ती परत पाठवणार आहे, हे गटावर लिहून टाकलं. दोन-तीन अंगठे आले. बघू.

९ जुलै

पूरक वाचनाची काही पुस्तकं फक्त कागदावर आहेत. फोनवर फोटो काढून ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. टेसरॅक्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय चालतं आणि त्यात मराठी आहे. फोटो नीट असेल तर काम चोख. पान वाकलेलं, ढगाळ उजेड, बोटाची सावली, की लगेच १ चा ९ आणि जोडाक्षरांचा चुरा.

मग तेच फोटो चित्र वाचणाऱ्या एआयला दिले. मजकूर स्वच्छ आला, विरामचिन्हांसकट. एका पानाचा खालचा भाग फोटोत कापला गेला होता. शेवटची ओळ फोटोतच नव्हती, तरी उत्तरात पूर्ण ओळ होती. वाक्य सुंदर, व्याकरण शुद्ध, गोष्टीला शोभणारं. पुस्तकात मात्र वेगळंच.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. ओसीआरची चूक चुकीसारखी दिसते, ऐकताना लगेच खटकते. एआयची चूक बरोबर मजकुरासारखी दिसते. डोळस माणूस पुस्तक शेजारी ठेवून ताडून पाहू शकतो. जिच्यासाठी हे सगळं चाललंय तिच्याकडे ताडून पाहायला दुसरं काहीच नाही.

आता पद्धत अशी: ओसीआर आणि एआय दोघांनाही तेच पान द्यायचं, दोन्ही मजकूर संगणकानं जुळवायचे, जिथं फरक तिथंच मूळ पान उघडायचं. त्याच्यावर जोडवाचन. वर्गातली एक मैत्रीण पुस्तकातून मोठ्यानं वाचते, ही एका कानात इअरफोन घालून फाइल ऐकते, जुळलं नाही की टेबलावर टिचकी. मैत्रिणीचं वाचनही सुधारतंय, हा वरचा लाभ.

एक निरीक्षण. मी तिच्यासाठी गोड, माणसासारखा आवाज शोधत बसलो होतो. तिला तो नको. एनव्हीडीएसोबत येणारा तो पत्र्यासारखा आवाज तिला आवडतो, कारण तो वेग वाढवला तरी फाटत नाही. ती ज्या वेगानं ऐकते तो मला कळतसुद्धा नाही.

१५ जुलै

चित्रं. खरं काम इथं आहे.

जलचक्राची आकृती दिली आणि एआयला वर्णन मागितलं. आलं ते असं: या आकर्षक, रंगीत चित्रात निळं आकाश, हिरवेगार डोंगर, हसरा सूर्य, पांढरे ढग, खाली शांत निळाशार समुद्र. वाचायला छान. मलाही पहिल्यांदा बरं वाटलं. तिला ऐकवलं.

"सर, सूर्य हासते का रडते, त्याचं मी काय करू? बाण कुठून कुठं जाते ते सांगा ना."

खाली प्रश्न होता: बाण कोणत्या क्रिया दाखवतात ते लिहा. वर्णनात बाणांचा उल्लेख शेवटच्या ओळीत, तोही 'काही बाण' एवढाच.

पुन्हा मागितलं, पण आता आधी पाठाचा मजकूर दिला, मग प्रश्न, मग चित्र. सांगितलं की रंग, सजावट, हावभाव नकोत. बाण क्रमानं, सुरुवात कुठे आणि शेवट कुठे, बाणावर नाव छापलं असेल तरच नाव. आता आलं: "पहिला बाण समुद्राच्या पृष्ठभागापासून वर ढगाकडे. दुसरा बाण ढगापासून खाली डोंगरावर. तिसरा बाण डोंगराच्या उतारावरून समुद्राकडे." तिनं एकदा ऐकलं आणि बाष्पीभवन, पर्जन्य सांगून मोकळी झाली.

चित्रवर्णन म्हणजे चित्राचं वर्णन नव्हे. त्या पाठात ते चित्र कशासाठी छापलंय, हे आधी कुणीतरी ठरवायला लागतं. तेच चित्र मराठीच्या पुस्तकात 'चित्र पाहून चार ओळी लिहा' म्हणून आलं असतं, तर हसरा सूर्य आणि हिरवे डोंगरच हवे होते. हे एआयला आपोआप कळत नाही. सांगितलं तर नीट करतं, आणि माझ्यापेक्षा कितीतरी लवकर करतं, हेही तितकंच खरं.

२२ जुलै

आता उलटी भानगड. त्रिकोणाची आकृती, दोन कोन ५० आणि ६० अंश, तिसरा काढा. एआयनं वर्णन केलं: त्रिकोण, तीन कोन ५०, ६० आणि ७० अंश. तिसरा कोन आकृतीत छापलेला नाही, त्यानं तो सोडवून वर्णनात घालून दिला. मुलीला गणित सोडवायचं कामच उरलं नाही. ती खूश, गणिताचे सर नाखूश.

सूचनेत भर: जे छापलेलं आहे तेवढंच, काढलेलं उत्तर नको. बहुतेक वेळा पाळतो. एखाद्या वेळी हळूच उत्तर सरकवतोच, म्हणून भूमितीच्या आकृत्या माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय कार्डावर चढत नाहीत.

विज्ञानात 'चित्रातील पानांचा शिराविन्यास ओळखा' असा स्वाध्याय. वर्णनात 'जाळीदार' लिहिलं तर उत्तर दिल्यासारखं, 'मधल्या शिरेतून उपशिरा फुटून एकमेकींत मिसळतात' लिहिलं तरी जवळजवळ तेच. अशा ठिकाणी वर्णनाच्या नादी लागूच नये. शाळेच्या कुंपणाला पिंपळ आहे, रस्त्यापलीकडे ज्वारीचं वावर. पानं आणली, पालथी धरून बोटानं पाहायला दिली. ज्वारीच्या शिरा समांतर हे तिला एका क्षणात. मग बाकीच्यांनीही डोळे मिटून तोच खेळ मांडला. पळसाचं पान आणलं तेव्हा 'पळसाला पाने तीनच' हे पोरांना तोंडपाठ होतं, पण ती तीन मिळून एक संयुक्त पान होतं, हे हातानं चाचपल्यावर बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं.

१ ऑगस्ट

नकाशे. इथं शब्द हरतात. विदर्भाच्या नद्यांच्या नकाशाचं वर्णन एआयकडून घेतलं. 'वर डावीकडे', 'मध्यभागी वळसा घेऊन', 'उजव्या बाजूस' असं ऐकून कुणाच्याच डोक्यात नकाशा उभा राहणार नाही, डोळस माणसाच्याही नाही.

म्हणून दोन तुकडे केले. एक, नात्यांची यादी, जी कानाला चालते: वर्धा नदी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते. पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्या की पुढे नाव प्राणहिता. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. ही यादी एआयनं नकाशा आणि पाठ मिळून काढली, मी भूगोलाच्या पुस्तकाशी ताडली.

दोन, स्पर्शाचा नकाशा. पुठ्ठा, नद्यांना सुतळी, जिल्ह्यांच्या सीमेला बारीक दोरा, यवतमाळला एक मोठा मणी. सुतळीला फाटे फुटू नयेत म्हणून फेविकॉल पातळ करून लावला. संगमावर गाठ. तिनं पैनगंगेवर बोट ठेवलं आणि सिरोंचापर्यंत सरकत गेली. "म्हंजे आमच्या नाल्याचं पानी थेट गोदावरीत जाते!" जातं. यादीतून हे तिला कळलं होतं, पण असं नाही.

अक्षवृत्त-रेखावृत्तांसाठी जुन्या प्लॅस्टिकच्या पृथ्वीगोलावर दोरे चिकटवले. विषुववृत्ताला जाड, बाकीच्यांना बारीक. एआयचं इथं काहीच काम नाही.

१२ ऑगस्ट

पाऊस, वीज नाही, लॅपटॉप बंद. ब्रेल पाटीवर काम. पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं, याचा सराव तिला आता होतोय.

एक नोंद राहून गेली होती. मागच्या आठवड्यात एका शब्दसूचीचं ब्रेल एआयकडून करून पाहिलं. ठिपके दिसायला झकास, वाचताना जागोजाग चुकीचे. भारती ब्रेलचे (भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलचे) नियम ठरलेले आहेत, १९५१ पासून. मात्रा व्यंजनाच्या वर-खाली न बसता त्याच्यामागे स्वराच्या रूपात येते, हलन्ताचा ठिपका जोडाक्षराच्या आधी येतो. नियमांचं काम नियमांनीच करावं. लिब्लुई हे मोफत सॉफ्टवेअर मराठीचं ब्रेल करतं. छापायला एम्बॉसर लागतो, तो आमच्याकडे नाही, पण पडद्यावर ठिपके बघून मी पाटीवर उतरवू शकतो.

२५ ऑगस्ट

पोळ्यानंतर हजेरी अर्धी. पोडावरची पोरं मात्र आली.

कोलाम ही महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक जमात. कोलामी द्राविडी कुळातली, मराठीशी तिचं नातं शेजाराचं. पहिल्या पाठाची छोटी गोष्ट कोलामीत मिळाली तर पोरं धीटपणे बोलतील, म्हणून एआयला मागितली. त्यानं न कचरता लिहून दिली. पोडावरच्या एका आजीला वाचून दाखवली. आजीनं शांतपणे ऐकलं आणि नातवाला विचारलं, "सर कोनती भाषा बोलून राह्यले?"

कोलामीत लिहिलेला मजकूरच जगात इतका थोडा की यंत्र शिकणार कशावरून. पण मग आजीलाच गोष्ट समजावली आणि तिनं तिच्या पद्धतीनं सांगितली, फोनवर मुद्रित केली. मूळ गोष्टीत नसलेला एक कोल्हा तिच्या गोष्टीत आला. ठेवला.

एआयचा उपयोग दुसऱ्या बाजूनं झाला: पुस्तकातली मराठी सोपी करणं. लांब वाक्यं तोडणं, एका वाक्यात एकच क्रिया, 'त्याद्वारे', 'परिणामस्वरूप' यांना सुट्टी. हे तो खूप चांगलं करतो. फक्त पाठात शिकवायचा शब्दही सोपा करून टाकतो. 'बाष्पीभवन' काढून 'पाणी उडून जाणं'. परीक्षेत 'बाष्पीभवन'च येणार. म्हणून प्रत्येक पाठासाठी न बदलायच्या शब्दांची यादी आधी द्यायची. ती यादी त्या वर्गाच्या मॅडम करतात, मी नाही.

४ सप्टेंबर

सातवीचं गणित, घातांक. छापलेल्या १०² मधला वर चढवलेला २ मजकूर काढताना खाली उतरतो आणि स्क्रीन रीडर वाचतो एकशे दोन. अपूर्णांकाचंही तसंच, अंश एका ओळीत आणि छेद दुसऱ्या. मुलगी अजून सहावीत, पण पुढच्या वर्षी हे तिच्यासमोर येणारच, म्हणून आत्ताच रीत बसवून ठेवतोय.

गणिताच्या सरांसोबत बसून बोलायची पद्धत ठरवली: "पाया १०, घातांक २". "अपूर्णांक, अंश ३, छेद ४, अपूर्णांक संपला". ते 'संपला' फार गरजेचं, नाहीतर पुढची बेरीज छेदात गेली की बाहेर राहिली हे ऐकणाऱ्याला कळत नाही. एआयला पानाचा फोटो आणि ही पद्धत दिली की तो पूर्ण स्वाध्याय तशा भाषेत लिहून देतो. हे हातानं करायला एक संध्याकाळ जायची, आता तपासायलाच काय तो वेळ.

१९ सप्टेंबर

सातवीचा मुलगा. त्याला वर्णनं नकोत, त्याला पान हवंय, पण त्याच्या सोयीचं. पांढऱ्या कागदावर दुपारचा उजेड पडला की तो डोळे मिटून घेतो. पीडीएफ मोठी केली तर ओळ पडद्याबाहेर जाते, डावी-उजवीकडे सरकवत वाचावं लागतं आणि डोळे आधीच स्थिर राहत नाहीत. ईपब, म्हणजे अक्षर मोठं केलं की ओळी नव्यानं जुळवून घेणारं ई-पुस्तक, केल्यावर ओळी पडद्यात मावतात. काळी पार्श्वभूमी, पिवळी अक्षरं, आकार तो स्वतः ठरवतो. त्याला खिडकीकडे पाठ करून बसवलं, टोपी वर्गात घालायची परवानगी मुख्याध्यापकांनी दिली. टोपीचा फायदा ईपबइतकाच झाला असं तो म्हणतो.

एआयनं इथं फक्त शीर्षकं लावली: पाठ, उपघटक, स्वाध्याय असे स्तर. दिसायला किरकोळ. पण शीर्षकं नसतील तर मुलीला स्वाध्यायापर्यंत जायला पूर्ण पाठ ऐकावा लागतो. शीर्षकं असतील तर एका कळीवर उडी.

१० ऑक्टोबर

संकलित मूल्यमापन तोंडावर. प्रश्नपत्रिका परीक्षेआधी कोणत्याही ऑनलाइन सेवेत जाणार नाही, हे मुख्याध्यापकांशी आधीच बोललो. सगळं लॅपटॉपवर, इंटरनेट बंद करून. चित्रवर्णनं मी हातानं लिहिली. सत्रभर इतकी तपासली की आता हात बसलाय. मुलीच्या सूचनांचा कागदही समोर होता. तिनं सांगितल्या, मैत्रिणीनं लिहून घेतल्या. पहिलीच: "प्रश्न आधी सांगा, चित्र मग. नाही तर ऐकलेलं सारं डोक्यात धरून ठेवा लागते."

एकाच प्रश्नावर घोडं अडलंय. स्तंभालेख. सहा गावांचं कापसाचं उत्पादन, आलेख पाहून उत्तरं लिहा. मी म्हटलं, आलेखाऐवजी तिला तक्ता देऊ. गणिताच्या सरांचं म्हणणं, तक्त्यात आकडे आयते मिळतात, मग आलेख वाचता येतो की नाही हे कुठं तपासलं? त्यांचं म्हणणं खोडता आलं नाही. पण 'दृष्टी नाही म्हणून हा प्रश्न वगळा, गुण सरासरीनं द्या' हा जो मार्ग कुणी सुचवला, त्याला आम्हा दोघांचाही विरोध.

शेवटी वावरातून तुराट्या आणल्या. एक सेंटिमीटरला दहा क्विंटल असं प्रमाण धरून कापल्या, पुठ्ठ्यावर उभ्या चिकटवल्या, डाव्या बाजूला खाचा पाडलेली पट्टी. गावांची नावं खाली ब्रेलमध्ये. दोन स्तंभ जवळजवळ सारखे आहेत, त्यांतला फरक बोटाला कळतो की नाही याची शंका आहे. सरांना डोळे बांधून तपासायला सांगितलं, त्यांना नाही कळला. तिला परीक्षेआधी हा आलेख दाखवता येत नाही, म्हणून वेगळे आकडे घेऊन सरावाचा दुसरा बनवतोय. पेपर सोमवारी.